स्कॉटलंडच्या लॉखवर होडीतून सॅमन: परवानगीपासून मासा परत सोडेपर्यंत

ग्लासगो-एडिनबराकडे राहणारी किंवा लंडनहून सुट्टीला वर येणारी आपली मंडळी ऑफिसातल्या स्कॉटिश मित्रांबरोबर सॅमनच्या मागे जातात आणि ठरावीक चार ठिकाणी चुकतात. बेत रविवारचा आखतात. इंग्लंडचा रॉड परवाना खिशात आहे म्हणून निर्धास्त राहतात. होडीत बसल्यावर जमेल तितकं लांब फेकत सुटतात. आणि एवढं सगळं करून मासा वर आलाच, तर हिसका देऊन त्याच्या तोंडातून फ्लाय काढून घेतात.

हा लेख फक्त लॉखपुरता, म्हणजे स्कॉटलंडमधल्या सरोवरापुरता आहे: वाऱ्यावर वाहणारी होडी आणि गळाला बांधलेली बनावट माशी, म्हणजे फ्लाय. नदीत प्रवाह फ्लायला फिरवतो. लॉखमध्ये प्रवाह नाही. तिथे वारा होडी नेतो आणि होडी फ्लायला माशापर्यंत नेते. म्हणून लॉखवर मासा मिळतो तो होडी कुठून वाहते यावर. हात किती लांब फेकतो याला फारसं महत्त्व नाही.

उदाहरणं मी मुख्यतः लॉख लोमंडची देतो, कारण ग्लासगोहून बॅलॉखपर्यंत लोकल गाडी जाते आणि आपले बहुतेक लोक पहिल्यांदा तिथेच जातात.

## टप्पा १: तारीख आणि परवानगी

आधी कॅलेंडर काढा आणि त्यातले रविवार खोडा. स्कॉटलंडमध्ये रविवारी रॉडने सॅमन किंवा सी-ट्राउट (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट मासा) धरणं हा गुन्हा आहे. 'नुसतं धरून सोडणार आहोत' ही सबब चालत नाही. शनिवार-रविवारचं हॉटेल घेतलं असेल तर मासेमारी शनिवारीच, रविवारी फिरायला जा.

मग हंगाम पाहा. तो पाण्यागणिक बदलतो. लॉख लोमंडवर ११ फेब्रुवारी ते ३१ ऑक्टोबर, लॉख टेवर १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर. हंगाम उघडा आहे म्हणजे दिवस चांगला आहे, असं मात्र नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी बर्फासारखं असतं आणि लोक बहुधा होडीमागे आमिष ओढत ट्रोलिंग करतात. फ्लायने, वाहत्या होडीतून धरायचा असेल तर जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस घ्या. समुद्रात एकच हिवाळा काढून परतणारे लहान सॅमन, ज्यांना तिथे ग्रिल्स म्हणतात, याच दिवसांत वर चढतात. मोठा पाऊस होऊन गेल्यावर, नदीचं पाणी उतरायला लागलं की ताजे मासे लॉखमध्ये आलेले असतात. हॉटेलाची तारीख मागेपुढे करता येत असेल तर ती त्या हिशेबाने करा.

आता परवानगी. इंग्लंडमध्ये लागतो तसा सरकारी रॉड परवाना स्कॉटलंडला नाही (सीमेवरच्या बॉर्डर एस्क नदीचा अपवाद). त्यामुळे काहींना वाटतं की इथे मोकळं रान आहे. उलट आहे. सॅमन धरण्याचा हक्क ही खासगी मालमत्ता आहे आणि हक्कदाराच्या लेखी परवानगीशिवाय गळ टाकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा ठरतं. लॉख लोमंडवर परमिट लॉख लोमंड अँगलिंग इम्प्रूव्हमेंट असोसिएशनकडून मिळतं. इतर लॉखांवर इस्टेट, हॉटेल किंवा स्थानिक क्लब परमिट देतो.

परमिट घेताना तीन प्रश्न विचारा. पहिला: यात सॅमन आहे की फक्त ट्राउट किंवा पाइक? स्वस्त परमिट बहुतेकदा सॅमनचं नसतं. दुसरा: होडी यात धरलेली आहे का? होडीचं भाडं आणि मासेमारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा: यंदा इथे मासा ठेवायची मुभा आहे का? २०१६ च्या नियमांनुसार स्कॉटलंडमधल्या सॅमनच्या पाण्यांना दरवर्षी १ ते ३ अशी श्रेणी दिली जाते आणि तिसऱ्या श्रेणीच्या पाण्यात प्रत्येक सॅमन परत सोडणं सक्तीचं असतं. १ एप्रिलपूर्वी तर कुठेही पकडलेला सॅमन सोडावाच लागतो. माझं मत विचाराल तर श्रेणी पाहूच नका, सगळे सोडा. ब्रिटनमधल्या सॅमनची संख्या इतकी घसरली आहे की २०२३ मध्ये त्याला धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीत घातलं. घरी सॅमनचं कालवण हवं असेल तर दुकानातून आणा. रॉडने धरलेला सॅमन विकायला तशीही स्कॉटलंडमध्ये बंदी आहे.

तपासा: परमिटावर तुमचं नाव, तारीख आणि पाण्याचं नाव आहे ना? छापील प्रत जवळ ठेवा. लॉखवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही आणि पाण्यावर फिरणारे बेलिफ, म्हणजे मासेमारीचे राखणदार, कागद मागू शकतात.

## टप्पा २: घिली घ्यायचा की नाही

घिली म्हणजे होडी वल्हवणारा, पाणी ओळखणारा माणूस. पहिल्या दोन-तीन खेपांना पैसे कमी पडत असतील तर रॉड भाड्याने घ्या, जेवण घरून न्या, पण घिली घ्या. लॉखवर सॅमन कुठल्या दगडापाशी थांबतो हे वरून दिसत नाही. ते वर्षानुवर्षं तिथे होडी फिरवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

एका होडीत दोन गळकरी आणि मध्ये घिली, ही नेहमीची रचना. चौघे असाल तर दोन होड्या करा. तिघांनी एकाच होडीतून फेकायचा हट्ट धरू नका. तिसऱ्याचा गळ कुणाच्या तरी कानात जाणारच.

## टप्पा ३: सामान

रॉड १० ते ११ फुटी, एका हाताने चालवायचा, ७ किंवा ८ नंबरच्या लाइनचा. नदीवरचा १५ फुटी, दोन हातांचा रॉड होडीत आणू नका, शेजारच्याला बसायला जागा उरत नाही. लाइन तरंगती. वारा जास्त असेल त्या दिवसासाठी सावकाश बुडणारी एक जोडीला असू द्या. रिळावर मागे किमान १०० मीटर बॅकिंग, म्हणजे लाइनमागची राखीव बारीक दोरी, हवं. लीडरला, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडून ज्यावर फ्लाय बांधतात त्या धाग्याला, १० ते १२ पौंडी नायलॉन.

फ्लाय डबा भरून नेतात आणि दिवसभर बदलत बसतात. पाच-सहा पुरे. लीडरवर दोन फ्लाय लागतात. वरच्या जागेसाठी केसाळ, पाण्यावर रेघ काढणाऱ्या: क्लॅन चीफ, गोट्स टो, क्लॅरेट बंबल. टोकासाठी सडपातळ: सिल्व्हर स्टोट्स टेल, कॅस्केड. आकार ८ आणि १०. सगळ्या गळांच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करून न्या. तीन टोकांचे ट्रेबल गळ घरीच ठेवा. कित्येक पाण्यांवर ते चालत नाहीत आणि माशाचं तोंड फाडतात.

कपड्यांबद्दल थोडक्यात: जुलै असला तरी लोकरीचा थर, त्यावर पक्कं जलरोधक जॅकेट आणि पँट, टोपी. बूट गुडघ्यापर्यंतचे रबरी. तळाला खिळे असलेले वेडर बूट होडीत घालू नका. पोलरॉइड चष्मा ढगाळ हवेतही डोळ्यांवर हवा, कारण तो उडत्या गळापासून डोळा वाचवतो. मिज नावाची चिमुकली चावरी माशी किनाऱ्यावर, वारा पडला की ढगासारखी उठते. डोक्यावरून घ्यायची जाळी खिशात ठेवा.

राहिलं जाकीट. हवा भरणारं लाइफजॅकेट सगळ्या कपड्यांच्या वरून घाला. आत घातलं आणि ते फुगलं, तर छाती आवळली जाते. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावा, नाहीतर पाण्यात पडल्यावर जाकीट वर सरकून माणूस खाली राहतो.

सावधान: नॉर्वेत किंवा युरोपात वापरलेलं सामान तसंच आणू नका. तिथल्या काही नद्यांत गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाचा परजीवी आहे. त्याने नॉर्वेत नद्याच्या नद्या रिकाम्या केल्या. ब्रिटनमध्ये तो अजून नाही. जाळी, बूट, रीळ सगळं निर्जंतुक करून पूर्ण वाळवल्याशिवाय पाण्याला लावू नका.

## टप्पा ४: लीडर आदल्या रात्रीच बांधा

होडीत, वाऱ्यात, गार बोटांनी गाठी बांधायची वेळ आली की पहिला तास गेला म्हणून समजा.

लीडर १२ ते १५ फूट लांब. त्यावर दोन फ्लाय: एक टोकाला, दुसरी तिच्यापासून साधारण ५ फूट वर, आडव्या फाट्यावर. या फाट्याला ड्रॉपर म्हणतात. जुने गळकरी तीन लावतात. नवख्याने तीन लावल्या की वाऱ्यात त्यांची जट होते आणि ती सोडवण्यात ड्रिफ्ट, म्हणजे होडीची वाऱ्यावर वाहत जाणारी एक फेरी, संपते. दोनच लावा.

ड्रॉपरची गाठ तीन वेढ्यांची वॉटर नॉट. फाटा वीतभरापेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर तो लीडरलाच गुंडाळतो. तो वरच्या नायलॉनच्या टोकाचा घ्या, म्हणजे मासा लागल्यावर गाठ उसवायच्या दिशेने ताण येत नाही. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडं नायलॉन घासून तापतं आणि तिथेच तुटतं.

तपासा: गाठ हाताला गुंडाळून जोरात ओढा. तुटायची असेल तर ती घरी तुटू दे. असे तीन लीडर बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा.

## टप्पा ५: होडीत कोण कुठे बसणार

याकडे कुणी लक्ष देत नाही आणि दिवसभर एकमेकांना 'सांभाळ' म्हणत बसतात.

होडी वाऱ्याला आडवी ठेवून वाहू देतात. दोघेही गळकरी वाऱ्याकडे पाठ करून, एकाच दिशेला तोंड करून बसतात. उजव्या हाताने फेकणारा उजव्या टोकाला बसला की त्याचा रॉड होडीच्या बाहेरच्या बाजूने फिरतो आणि कुणाच्या डोक्यावरून गळ जात नाही. डावखुरा डाव्या टोकाला. तुमच्यात एक डावखुरा असेल तर जोडी तीच जमवा. दोघेही उजवे असाल तर डाव्या टोकाच्या माणसाने रॉड अगदी उभा, डोक्यावरून न्यायचा किंवा डाव्या खांद्यावरून फेकायचं. हे जमत नसेल तर त्याला उजवीकडे बसवा आणि जास्त सराव असलेल्याने डावी बाजू घ्या.

प्रत्येकाचं पाणी वाटून घ्या. होडीच्या मध्यातून समोर एक रेघ कल्पा. तिच्या पलीकडे फेकायचं नाही, पलीकडे मासा उडी मारताना दिसला तरी नाही. 'तुझ्या बाजूला उडाला' एवढं सांगा. जेवणानंतर जागा बदला, कारण किनाऱ्याकडच्या माणसाला बहुधा चांगलं पाणी मिळतं. स्कॉटिश मंडळी ही अदलाबदल न बोलता करतात. तुम्ही उठला नाहीत तर काही म्हणणार नाहीत, पण पुढच्या खेपेला बोलावणंही येणार नाही.

फेकताना उभं राहू नका. उभ्या माणसाची सावली आणि हालचाल मासा लांबून हेरतो, आणि होडी कलते ते वेगळंच.

## टप्पा ६: ड्रिफ्ट लावणं

इथे वेळ द्या. बाकी सगळं जेमतेम असलं तरी ड्रिफ्ट बरोबर असेल तर मासा मिळतो.

पाणी निवडा. सॅमन लॉखच्या मधल्या खोल पाण्यात फ्लायसाठी वर येत नाही. तो साधारण ४ ते १२ फूट पाण्यात, दगडगोट्यांच्या तळावर थांबतो: नदीच्या मुखापाशी, पाण्यात घुसलेल्या भूशिरांच्या टोकाला, बेटांच्या कडेने, आणि उथळ पाणी एकदम खोल होतं त्या कडेवर. लॉख लोमंडचा उत्तरेकडचा चिंचोळा भाग १९० मीटरच्या आसपास खोल जातो. तिकडचे डोंगर बघावेत, पण मासेमारी दक्षिणेच्या रुंद, उथळ, बेटांनी भरलेल्या भागात. बाल्माहाच्या दक्षिणेला एंड्रिक नदी लॉखला मिळते. तिच्यात चढणारा सॅमन त्या परिसरात रेंगाळतो.

वारा पाहा. आरशासारखं सपाट पाणी फोटोसाठी छान, सॅमनसाठी वाया. चांगली लाट हवी, होडी हलकेच डुलेल इतकी. नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा, वर ढग, हा सगळ्यात भरवशाचा दिवस. पूर्वेचा कोरडा वारा सुटला की घिलीचा चेहराच सांगतो. वारा किनाऱ्याला समांतर वाहत असेल अशी बाजू शोधा, म्हणजे होडी त्याच खोलीवरून लांबपर्यंत जाते. वारा किनाऱ्यावर आदळत असेल तर ड्रिफ्ट चार मिनिटांत संपते.

होडी धरा. घिली एक वल्हं पाण्यात ठेवून अधूनमधून एखादा हात मारतो, त्यामुळे होडी किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर राहते. घिली नसेल तर हे काम आळीपाळीने एकाने करायचं आणि त्या वेळी फेकायचं नाही. वारा जोराचा झाला की होडी फ्लायच्या अंगावर धावते. तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूने ड्रोग, म्हणजे पाण्यात फुगून होडीला मागे धरणारी कापडी छत्री, सोडा.

परत वर जाताना. सर्रास होणारी चूक इथेच आहे. ड्रिफ्ट संपली की लोक इंजिन लावून त्याच पाण्यावरून सरळ वर जातात, म्हणजे पुढच्या फेरीचे मासे स्वतःच पळवून लावतात. आधी किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात जा, तिथून मोठा वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या टोकाला या आणि शेवटचं अंतर वल्ह्यांनी कापा. दुसऱ्या होडीच्या समोर, तिच्या वाऱ्याखाली, कधीही घुसू नका. तिच्या मागून जा.

सावधान: लाटांचे माथे सगळीकडे पांढरे फुटायला लागले की गळ गुंडाळा आणि आडोशाच्या किनाऱ्याला लागा. मोठ्या लॉखवर वारा अर्ध्या तासात पालटतो. पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही. तेव्हा पोहायची धडपड न करता तरंगत राहायचं. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा. मदतीचा नंबर ९९९ किंवा ११२.

## टप्पा ७: फेक आणि ओढ

१० मीटरच्या आसपास फेकलं तरी भरपूर झालं. २० मीटर फेकणाऱ्याला मासा लागला तरी लाइन इतकी सैल असते की गळ रुतत नाही. शिवाय लॉखचा सॅमन होडीपासून दोन रॉडांच्या अंतरावरही बिनधास्त वर येतो.

क्रम असा:

१. सरळ वाऱ्याखाली फेका. पुढची फेक थोडी डावीकडे, त्यापुढची उजवीकडे. होडी पुढे सरकते आहे, त्यामुळे पाणी दर वेळी नवं असतं.

२. फ्लाय पडताक्षणी ओढायला सुरुवात करा. होडी तिच्याकडे येत असते, तुम्ही थांबलात की लाइन सैल पडते. होडीच्या वेगापेक्षा थोडं जलद ओढा.

३. निम्मी लाइन आली की रॉड हळूहळू वर उचला. वरची केसाळ फ्लाय पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन लाटांवरून रेघ काढत यायला हवी.

४. रॉड जवळजवळ उभा झाला की थांबा. वरची फ्लाय तिथेच, लाटेवर नाचत राहू द्या. मनात चार मोजा. मगच पुन्हा फेका.

हा चौथा भाग बहुतेक जण गाळतात. पण मागून आलेला मासा निर्णय घेतो तो इथेच.

हवेत मागेपुढे झुलवणं कमीत कमी ठेवा. फ्लाय हवेत असेपर्यंत मासा लागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी लीडर बोटांतून फिरवून बघा. वाऱ्याने पडलेली बारीक गाठ सापडली तर ती सोडवत बसू नका. नायलॉन तिथे कमजोर झालेलं असतं. लीडर बदला.

## टप्पा ८: मासा आला, आता काहीच करू नका

गोड्या पाण्यात आलेला सॅमन खात नाही. फ्लायवर तो का येतो यावर गळकऱ्यांचे वाद चालूच असतात. कामाची गोष्ट इतकी की तो ट्राउटसारखा झपकन घेऊन थुंकत नाही. लाटेच्या पोटात आधी एक फुगवटा दिसतो, कधी काळपट पाठ, कधी नुसता पाण्याचा गोल डाग. तो फ्लाय तोंडात घेऊन खाली वळतो. वळला की लाइन ताणली जाते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तुम्ही फुगवटा दिसताक्षणी ओढलंत तर उघड्या तोंडातून फ्लाय बाहेर येते.

कोकणात गरी टाकून वाढलेल्यांना हे सगळ्यात जड जातं. तिथे टोचणी जाणवली की हिसका, हे हाताला मुरलेलं असतं. इथे वजन जाणवेपर्यंत हात थांबवायचा, मग रॉड नुसता उचलायचा. जुने घिली इंग्रज पाहुण्यांना सांगतात की आधी 'गॉड सेव्ह द किंग' म्हणा, मग उचला. आपण 'गणपती बाप्पा मोरया' म्हणावं, लांबी साधारण तीच आहे.

आला पण लागला नाही, तर घाबरून फ्लाय बदलू नका. होडी त्या जागेवर पोचायच्या आत तितकीच लाइन, तीच फ्लाय, एकदा शांतपणे परत टाका. नाही आला तर किनाऱ्यावरची खूण धरा: झाड, खडक, पडकी भिंत. दहा-एक मिनिटांनी लांबून वळसा घालून तीच ड्रिफ्ट एक आकार लहान फ्लायने करा.

## टप्पा ९: मासा लागल्यावर प्रत्येकाचं काम

ज्याला लागला तो एकटा काम करत नाही. दुसऱ्याने ताबडतोब आपली लाइन गुंडाळून रॉड आडवा ठेवायचा. व्हिडिओ नंतर. ड्रोग आत ओढायचा, नाहीतर मासा त्याच्या दोरीत शिरतो. घिली किंवा वल्ह्यावरचा माणूस होडी किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्याकडे नेतो, कारण उथळ दगडांत नायलॉन घासतं.

गळकऱ्याने बसूनच रॉड वर ठेवावा. मासा धावला तर धावू द्या, रिळाच्या मुठीवरून बोटं काढा. उडी मारली की रॉडचं टोक क्षणभर खाली करा, म्हणजे ताठ लाइनवर त्याचं वजन पडत नाही. थांबला की आडव्या बाजूने ओढून त्याची दिशा बदलत राहा. नुसतं वर खेचून तो दमत नाही. होडीखाली गेला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवून होडीच्या टोकाला वळसा घाला.

पौंडाला एक मिनिट असा जुना ठोकताळा आहे. सोडायचा मासा त्याहून लवकर आणा. अर्धा तास खेळवलेला मासा सोडल्यावर पोहत जातो, पण पुढे जगेलच असं नाही. पाण्याचं तापमान २० अंशांवर असेल तर मासेमारीच करू नका. खिशात छोटा थर्मामीटर ठेवा.

## टप्पा १०: जाळी आणि सोडणं

मोठी, बिनगाठीची, मऊ जाळी. आधी ती पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा तिच्यावरून ओढून आणा, डोकं आधी. जाळी घेऊन माशामागे धावलात की ती लाइनला किंवा दुसऱ्या फ्लायला अडकते आणि मासा जातो. वरच्या ड्रॉपरचा गळ जाळीत अडकणं हा शेवटच्या क्षणाचा ठरलेला अपघात. जाळी धरणाऱ्याने लक्ष तिथेच ठेवावं.

मासा होडीत घेऊ नका. जाळीतच, होडीच्या कडेला, पाण्यात ठेवा. हात ओले करा. चिमट्याने गळ काढा. काटा दाबलेला असेल तर अलगद सुटतो. खोल गेला असेल तर नायलॉन जवळून कापा, खणत बसू नका.

आता पाहा, हा खरंच सॅमन आहे का? शेपटीपुढचा भाग बारीक मनगटासारखा आणि शेपटीची कड आत वळलेली असेल तर सॅमन. मनगट जाड आणि शेपटी जवळजवळ सरळ कापलेली असेल तर सी-ट्राउट. वरचा जबडा सॅमनमध्ये डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचतो, ट्राउटमध्ये तिच्याही मागे जातो. तरी शंका असेल तर पाठीवरच्या मागच्या छोट्या मांसल पराच्या मागून अंगावरच्या मधल्या रेषेपर्यंत तिरपे खाली खवले मोजा: सॅमनला १० ते १३, ट्राउटला १३ ते १६. हे फोटोवरून घरी मोजता येतं, जिवंत माशाला त्यासाठी ताटकळत ठेवू नका.

वसंतात डोकं मोठं, पोट खपाटीला गेलेलं, परांच्या कडा फाटलेल्या असा चांदीसारखा मासा मिळाला तर तो अंडी घालून समुद्राकडे परतणारा केल्ट असतो. तो तर कायद्यानेच सोडायचा. विषम वर्षांत, २०२१, २०२३ अशा, पॅसिफिकमधला पिंक सॅमनही स्कॉटलंडच्या पाण्यात येतो. शेपटीवर मोठे लांबट काळे ठिपके ही त्याची खूण. तो परका आहे. सोडण्याआधी घिलीला किंवा परमिट देणाऱ्याला विचारा.

फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा उचला. एक हात शेपटीच्या मनगटाला, दुसरा छातीखाली, पाण्याच्या वर वीतभर, पाच सेकंद. शेपटीला धरून उलटा लटकवलेला मासा आतून दुखावतो. वजनकाट्याला टांगू नका. रॉडवर आधीच खुणा करून लांबी मोजा, लांबीवरून वजनाचे तक्ते मिळतात.

सोडताना त्याचं तोंड लाटांकडे ठेवून सरळ धरा. पुढेमागे घुसळू नका. कल्ले नियमित हलू लागले की तो स्वतःच शेपटी मारून हात सोडवतो. कलंडत असेल तर पुन्हा धरा, घाई करू नका.

## टप्पा ११: किनाऱ्यावर आल्यावर

घिलीची बक्षिसी दिवस संपल्यावर, हातात, रोख. किती द्यायची ते परमिट घेताना तिथेच विचारून ठेवा, त्यात संकोच नाही. मासा मिळाला नाही म्हणून ती कापू नका.

जाळी, बूट, लाइन झटकून, धुऊन, पूर्ण वाळवा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॉखवर जाणार असाल तर हे जास्तच गरजेचं.

आणि पकडीची नोंद द्या. परमिटाबरोबर मिळालेला तक्ता भरून परत करायचा असतो: तारीख, जागा, मासा, अंदाजे वजन, सोडला की नाही. पाण्याची श्रेणी ठरवताना या आकड्यांचा आधार घेतला जातो. दिवसभरात एकही मासा वर आला नसेल तर त्या रकान्यात शून्य लिहा. कोरा रकाना आणि शून्य यांचा अर्थ तिथे वेगळा होतो.